कमिशनर मेलो, आता हिरोचा काय खरा नाय

हिंदी पिक्चरमधल्या इफ्तेखार या नटाचं नाव घेतलं तर निम्म्या लोकांना काही आठवत नाही, फोटो दाखवला की मात्र लगेच "अरे हा होय, हा तर पोलीस कमिशनर!" आणि त्याच्या मागोमाग हमखास येणारं वाक्य म्हणजे "बिचारा, टाइपकास्ट झाला, आयुष्यभर तेच तेच रोल." हे जे 'बिचारा' आहे ना ते माझ्या डोक्यात जातं. चारशेच्या वर पिक्चर केलेला माणूस, चाळीसच्या दशकापासून नव्वदच्या दशकापर्यंत कामात असलेला, आणि आपण सोफ्यावर पाय पसरून त्याला बिचारा म्हणणार. म्हटलं एकदा लिहूनच टाकूया. लांबण लागेल, आधीच सांगतो.

मुळात हा माणूस पोलीस व्हायला आलाच नव्हता, नट व्हायलाही नाही. जन्म जालंधरचा. मॅट्रिकनंतर लखनौच्या आर्ट कॉलेजात पेंटिंगचा डिप्लोमा केला, पण डोक्यात खूळ गाण्याचं, सैगलचा भक्त. विशीत कलकत्त्याला गेला ऑडिशन द्यायला. कमल दासगुप्ता तेव्हा एचएमव्हीसाठी काम करायचे, त्यांच्यासमोर गायला, आणि दासगुप्तांना गाण्यापेक्षा माणूसच जास्त आवडला बहुतेक, कारण त्यांनी शिफारस केली ती एका पिक्चर कंपनीकडे, नट म्हणून. आता बघा, गायक व्हायला गेलेल्या पोराला संगीतकारच सांगतो की तू अ‍ॅक्टिंग कर, यात कौतुक किती आणि टोला किती ते ज्याचं त्याने ठरवावं. १९४४ साली 'तकरार' नावाच्या पिक्चरमधून सुरुवात झाली. मग फाळणी. आईवडील, भावंडं पाकिस्तानात गेली, हा इथेच राहिला, पण दंग्यांमुळे कलकत्ता सोडावं लागलं आणि बायको-मुलींना घेऊन मुंबई गाठली. तिथे हालच झाले. कलकत्त्यात असताना अशोककुमारची ओळख झाली होती, ती कामाला आली आणि बॉम्बे टॉकीजच्या 'मुकद्दर'मध्ये रोल मिळाला, साल १९५०. पुढे अशोककुमारला पेंटिंग शिकवलं ते यानेच. म्हणजे एकाने काम दिलं, दुसऱ्याने ब्रश दिला, हिशोब चुकता.

त्यानंतरची बरीच वर्षं म्हणजे मिळेल ते. १९६६ च्या 'तीसरी कसम'मध्ये तो जमीनदार आहे, नौटंकीवालीवर डोळा ठेवून असलेला, आणि काय घाण वाटतो त्यात! आरडाओरडा नाही, मिशीला पीळ नाही, नुसता पैसेवाल्या माणसाचा निवांतपणा. तो पिक्चर मी फार उशिरा बघितला आणि मला धक्काच बसला कारण माझ्यासाठी इफ्तेखार म्हणजे कायद्याच्या बाजूचा माणूस. पण त्यावेळी त्याच्यावर पोलिसाचा ठप्पा बसायचा होता, त्यामुळे तेव्हाच्या पब्लिकला काही वाटलं नसेल.

ठप्पा बसला तो १९६९ च्या 'इत्तेफाक'पासून. यश चोप्रांचा पिक्चर, एका रात्रीची गोष्ट, गाणं एकही नाही, राजेश खन्ना आणि नंदा, आणि इन्स्पेक्टर कर्वे म्हणजे इफ्तेखार. कर्वे! धोंडो केशव कर्वे आमच्या दापोलीजवळच्या मुरुडचे, त्यामुळे हा जालंधरचा माणूस कोकणस्थ आडनाव लावून मुंबई पोलिसात उभा राहतो तेव्हा उगाच आपला वाटतो. आणि शोभतो पण. त्यातलं त्याचं काम बघा, प्रश्न विचारतो आणि थांबतो. समोरचा खोटं बोलत असेल तर त्याला बोलू देतो. पुढे टीव्हीवर आणि पिक्चरमध्ये जे शांत डोक्याचे तपास अधिकारी आले त्यातल्या बऱ्याच जणांचं मूळ मला या कर्व्यांत दिसतं. पुढच्याच वर्षी 'जॉनी मेरा नाम', तिथेही पोलिसातला वरचा साहेब. मग लाइनच लागली.

आता ठप्प्याबद्दल मी एवढा का चिडतो ते सांगतो. मी वेंगुर्ल्याकडचा. आमच्याकडे त्रिपुरी पौर्णिमा झाली की जत्रा सुरू होतात, सोनुर्लीच्या माऊलीची, मग गावोगावच्या, आणि जत्रा म्हणजे दशावतार. पालखी फिरून झाली, खाजा घेऊन झाला, की मध्यरात्रीच्या सुमारास पडदा लागतो, आधी गणपती, रिद्धीसिद्धी, सरस्वती, संकासुर, आणि मग आख्यान ते पहाटेपर्यंत. स्क्रिप्ट नसतं. कंपनीतला जाणता माणूस आधी कथा सांगतो, कोण कोणाला काय बोलणार ते मोटामोटी ठरतं, बाकी जागच्या जागी. सिंहासन म्हणजे एक बाकडा. पेटी, मृदंग, झांज. आणि कंपनीत प्रत्येकाचा पार्ट ठरलेला. राजपार्ट करणारा राजपार्टच करणार, स्त्रीपार्टवाला स्त्रीपार्ट, कोण राक्षसाला, कोण नारदाला. वर्षानुवर्षं. याला आमच्याकडे कोणी बिचारा म्हणत नाही. उलट लोक विचारतात की आज राजा कोण आहे, सुधीर कलिंगणांना तर लोकांनी 'लोकराजा'च करून टाकलं होतं. एखाद्याने एकच पार्ट वीस-पंचवीस वर्षं केला म्हणजे तो पार्ट त्याचा झाला, बस. तो बाकड्यावर बसला की राजवाडा दिसायला लागतो, वेगळा सेट लावावा लागत नाही. आणि स्क्रिप्ट नसलेल्या नाटकाला हे परवडतं कारण पब्लिकला अर्धी माहिती माणूस बघूनच मिळालेली असते.

आमचे तात्या (वडिलांचे चुलत भाऊ) अशाच एका कंपनीत होते. दिवसा काजू फॅक्टरी, रात्री नाटक. राजा कधीच नाही, तब्येतच नव्हती तशी. नारद, भटजी, प्रधान, दूत, कधी एखादा ऋषी, म्हणजे सगळे बाजूचे पार्ट. नाटकाआधी आपल्या ट्रंकेवर बसून एका हातात आरसा धरून स्वतःच रंग लावायचे (दशावतारात मेकअपमन वगैरे लाड नाहीत), आणि मी लहान असताना बाजूला बसून बघायचो. एकदा कंपनीत नवीन पोरगा आला होता, त्याला दूताचं काम दिलेलं, आणि राजाचं भाषण चालू असताना हा कधी मुकुट सारखा करतोय, कधी पब्लिकमध्ये ओळखीचं कोण दिसतंय का बघतोय. आत आल्यावर तात्यांनी त्याला धरला. "राजा बोलता तेव्हा हलाचा नाय. पण मेल्यासारख्या उभ्या पण रवाचा नाय. आयकाचा. बोलाक कोणाक पण येता रे, आयकाक येवक व्हया." पोरगा हो हो म्हणाला आणि पहाटेपर्यंत तसाच चुळबुळत राहिला ते सोडा, पण मला ते वाक्य राहिलं, आणि इफ्तेखारला बघताना दर वेळी तेच डोक्यात येतं. हिंदी पिक्चरमध्ये हिरोचं बोलणं ऐकून घेणारा इफ्तेखारएवढा भारी माणूस मी बघितला नाही. हे विधान मी जबाबदारीने करतोय, ज्याला भांडायचं त्याने भांडावं.

तात्यांचं पिक्चर बघणं पण वेगळं होतं. गणपतीत नाहीतर कोणाच्या सत्यनारायणाला भाड्याने व्हिडिओ आणायचे, खळ्यात (अंगणात) माटव म्हणजे मांडव घालून कलर टीव्ही ठेवायचा, रात्रभर दोन-तीन पिक्चर. लाइट गेली की सगळे तसेच अंधारात बसून राहायचे, परत येईल या आशेवर. तर 'डॉन' लावलेला. आम्ही पोरं अमिताभसाठी बसलेलो, तात्या मात्र सुरुवातीपासून बाजूची माणसं बघत होते, कोण कुठे उभा राहतोय, कोण कोणाच्या बोलण्यावर मान हलवतोय. ज्यांनी बघितला नाही (कोणी असेल का असं?) त्यांच्यासाठी सांगतो, खरा डॉन मरतो आणि डीएसपी डिसिल्वा, म्हणजे इफ्तेखार, त्याच्यासारख्या दिसणाऱ्या साध्या विजयला डॉन बनवून टोळीत घुसवतो. हा विजय आहे, डॉन नाही, हे जगात एकट्या डिसिल्वाला माहीत. आणि धाड पडते त्यात डिसिल्वाच गोळी लागून मरतो. आम्ही फायटिंग बघण्यात गुंग, आणि मागून तात्यांचा आवाज आला, "झाला! कमिशनर मेलो, आता हिरोचा काय खरा नाय."

डीएसपी होता, कमिशनर नव्हे, पण तात्यांच्या लेखी इफ्तेखार म्हणजे कमिशनरच. आणि त्यांनी पिक्चरचा कणा एका वाक्यात सांगून टाकला होता. विचार करा, त्या जागी दुसरा कोणी असता, चेहरा न ओळखीचा, तर प्रेक्षकाच्या मनात एक शंका राहिली असती की हा पोलीस पण कदाचित आतून मिळालेला असेल. पिक्चरमध्ये ओम शिवपुरी इंटरपोलचा साहेब बनून आलाय आणि तो खोटा निघतो, म्हणजे शंका घ्यायला जागा आहेच. पण डिसिल्वावर कोणी शंका घेत नाही. का? कारण गेली दहा वर्षं हा माणूस खाकीत आपल्याला भेटतोय आणि त्याने कधी दगा दिलेला नाही. एक सीन खर्च न करता, एक डायलॉग न लिहिता तो विश्वास दिग्दर्शकाला आयता मिळाला. मेला तेव्हा अमिताभचा एकमेव साक्षीदार मेला हे समजवायला सुद्धा काही लागलं नाही, माटवातल्या म्हाताऱ्यांना पण कळलं.

२००६ मध्ये फरहान अख्तरने 'डॉन' परत केला तेव्हा डिसिल्वाचं काम बोमन इराणीकडे होतं (पुढचं वाक्य ज्यांना बघायचाय त्यांनी सोडा) आणि शेवटी तोच व्हिलन वरदान निघतो. थिएटरमध्ये लोक चाट पडले. नवीन पोरांना तो नुसता ट्विस्ट, पण जुना बघितलेल्यांना तो खरा झटका, कारण त्यांच्या डोक्यात डिसिल्वा म्हणजे इफ्तेखार, आणि इफ्तेखार असं करूच शकत नाही. म्हणजे माणूस जाऊन अकरा वर्षं झाली होती आणि त्याच्या नावावर दुसऱ्या कोणीतरी ट्विस्ट वसूल केला. तात्यांना मी तो टीव्हीवर दाखवला. त्यांनी अजिबात मान्य केलं नाही. "डिसिल्वा असो करूचो नाय. ह्येंनी कायतरी घोळ केल्यानी." विषय संपला.

'डॉन' सलीम-जावेद या लेखकजोडीचा, आणि गंमत म्हणजे 'जंजीर', 'दीवार', 'शोले' हे पण त्यांचेच, आणि चारही पिक्चरमध्ये इफ्तेखार आहे. १९७३ च्या 'जंजीर'मध्ये कमिशनर, तापट इन्स्पेक्टरला समोर उभा करून झापणारा. हे सरळ काम. पण 'दीवार' बघा. तिथे या दोघांनी आणि यश चोप्रांनी मिळून (म्हणजे ज्यांनी त्याला कर्वे केला त्यांनीच) या माणसाची खाकी काढली आणि सूट घालून स्मगलर केला. दावर.

मला वाटतं १९७५ पर्यंतच्या कास्टिंगमधली ही सगळ्यात हुशार चाल आहे. दावर हा गुन्हेगार आहे पण विजयने (इथेही अमिताभच) त्याच्याकडे जाण्यात आपल्याला काही वावगं वाटता कामा नये, नाहीतर हिरो हातातून जाईल. दुसरा स्मगलर सामंत, तो मदन पुरी, त्याला बघूनच कळतं की याच्याकडे जायचं नाही. आणि दावरकडे बघितलं की कळतं की हा माणूस दिलेला शब्द पाळेल. कुठून कळतं? खाकीतून! इतकी वर्षं इन्स्पेक्टर म्हणून जो भरवसा साठला तो सगळा त्याने सूटच्या खिशात घालून आणला. तात्या म्हणायचे, "माणूस स्मगलर हा, पण सभ्य हा." आमच्या किनारपट्टीवर त्या काळात चोरटं सोनं आणि घड्याळं उतरवण्याच्या गोष्टी म्हातारे लोक अजून सांगतात, त्यामुळे स्मगलर सभ्य असू शकतो यावर आमच्याकडे फार कोणी आक्षेप घेत नाही.

आणि तो सीन. लहान विजय बूटपॉलिश करतोय, दावरसोबतचा जयचंद पैसे फेकतो, पोरगा म्हणतो मी बूट पॉलिश करतो, भीक मागत नाही, पैसे उचलून हातात द्या. इथे सगळ्यांना पोरगा आठवतो. दावरला बघा. तो जयचंदला पैसे उचलून हातात द्यायला लावतो, आणि मग गाडीत बसल्यावर ते लांब रेसच्या घोड्याचं वाक्य. म्हणजे हा पोरगा पुढे कोण होणार हे आपल्याला पहिल्यांदा कोण सांगतं तर इफ्तेखार. त्याने सांगितलं म्हणून आपण मानतो. मग वर्षं जातात, गोदीतली मारामारी होते, मोठा विजय दावरच्या ऑफिसात येतो, दावर नोटा टाकतो आणि अमिताभ ते वाक्य बोलतो की मी आजही फेकलेले पैसे उचलत नाही. त्या वाक्यावर टाळ्या पडतात, पन्नास वर्षं पडतायत. पण पुढच्या वेळी बघाल तेव्हा अमिताभला सोडा आणि इफ्तेखारकडे बघा. त्या क्षणाला त्याला तो जुना बूटपॉलिशवाला आठवायचा आहे, आणि ते आठवणं आपल्याला दिसायचं आहे, आणि डोळे वटारून, तोंड उघडं टाकून 'अरे हा तर तोच!' असं काहीही करायचं नाहीये. तो काय करतो? ऐकतो. ऐकता ऐकता त्याच्या चेहऱ्यावर ओळख येते, एवढंच. ती आली नसती तर ते वाक्य नुसता माज वाटलं असतं. समोरच्याला आठवलं, म्हणून त्याचा डायलॉग झाला.

मी हा सीन फोनवर आवाज बंद करून बघितलाय. करून बघा एकदा. बायको म्हणाली वेड लागलंय, पण आवाज बंद केल्यावर कळतं की अर्धा सीन कोण ओढतंय.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'शोले'. त्यात हाच माणूस राधाचा बाप. दोनच ठिकाणी आहे, पण बघा काम काय दिलंय: ठाकूर आपल्या विधवा सुनेचं परत लग्न लावायचं म्हणून तिच्या बापाला विचारायला जातो, आणि बाप म्हणतो समाज काय म्हणेल. एवढा मोठा प्रश्न, तो पण डाकू आणि बंदुकीच्या पिक्चरमध्ये, दोन म्हातारे बसून मिनिटा-दोन मिनिटांत सोडवतात. समोर संजीवकुमार. इथे पण बापाचा विरोध नाही, भीती आहे, आणि तो हो म्हणतो ते आपल्याला पटतं. आता कोणी म्हणेल की चाळीस टक्के लोकांना त्यात इफ्तेखार आहे हेच आठवत नाही. (आकडा माझ्या मनचा आहे, मोजायला जाऊ नका.) खरं आहे. पण त्या सीनशिवाय जयच्या मरणाला वजन येत नाही, हे पण खरं आहे.

आणि १९७५ चे हे दोन पिक्चर एका पाठोपाठ बघितले की मला तर कंपनी दिसायला लागते, आमच्याकडची. सत्येन कप्पू 'दीवार'मध्ये परागंदा झालेला बाप, 'शोले'मध्ये ठाकूरचा रामलाल, 'डॉन'मध्ये परत पोलीस. काल सोनुर्लीत राजा होता तो आज मातोंडात प्रधान आहे तसलाच प्रकार. अमिताभ, धर्मेंद्र ही राजपार्टवाली मंडळी, त्यांच्या नावाने गर्दी जमते हे कबूल, पण रात्रभर आख्यान टिकतं ते बाजूच्या पार्टवर. राजा दमला, राजा अडखळला, राजाचा आवाज बसला की नारद येऊन वीस मिनिटं काढतो आणि पब्लिकला कळत पण नाही. तात्यांनी अशी कितीतरी वीस मिनिटं काढली आहेत.

आता दुसरी बाजू पण सांगायला हवी नाहीतर मी नुसतं कौतुक करत बसलोय असं होईल. ठप्प्याचे तोटे आहेतच. जगदीश राज घ्या, अनिता राजचे वडील. १४४ पिक्चरमध्ये पोलीस, गिनीज बुकात नाव गेलं. १४४! 'दीवार'मध्ये तो पण आहे, आणि गंमत बघा, तो पण त्यात पोलीस नाही. पण बाकी बहुतेक ठिकाणी यायचं, हातकडी घालायची, जायचं. रेकॉर्ड झालं हे खरं, पण त्याचा एक सीन सांगा म्हटलं तर मला सांगता येणार नाही, आणि दोष त्याचा नाही, त्याला लिहून दिलंच नाही कोणी. इफ्तेखारला कर्वे मिळाला, दावर मिळाला, डिसिल्वा मिळाला. ठप्पा दोघांवर बसला, पण तो वापरायची अक्कल असलेले लेखक एकाच्याच वाट्याला आले. आणि इफ्तेखारचेही शेकडो पिक्चर असे असणार की ज्यात त्याने खुर्चीत बसून फोन उचलला आणि "अरेस्ट हिम" म्हटलं, बस. ते बघत बसायची माझी तयारी नाही. पैसे मिळाले असतील, घर चाललं असेल, त्यात काही कमीपणा नाही. पेंटिंग मात्र चालू होतं म्हणतात, ते बरं.

बाहेरच्या देशातल्या पिक्चरवाल्यांनीही त्याला वापरलं. १९७० चा 'बॉम्बे टॉकी', आणि शेवटी शेवटी १९९२ चा 'सिटी ऑफ जॉय'. ज्या कलकत्त्यातून दंग्यांमुळे बाहेर पडला त्याच कलकत्त्याचा पिक्चर. १९९५ च्या फेब्रुवारीत मुलगी कॅन्सरने गेली आणि मार्चमध्ये हा गेला. महिनाभराच्या आत.

आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर जयंत सावरकर. गुहागरचे, १९३६ चा जन्म, २०२३ च्या जुलैत गेले. 'एकच प्याला'तला त्यांचा तळीराम जुन्या लोकांना अजून आठवतो, आणि नंतर पिक्चरमध्ये, सिरीयलमध्ये म्हातारे, आजोबा, शेजारी, कारकून, काय काय केलं. नाट्यसंमेलनाचे अध्यक्ष झाले. हिरो कधीच नव्हते, आणि त्यांना कोणी बिचारा म्हटल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. मराठी नाटकवाल्यांना हे कळतं, हिंदी पिक्चरच्या चाहत्यांना कधी कळणार देव जाणे.

आमच्या कंपन्या पण आता बदलल्या. पूर्वी पेटारे डोक्यावर घेऊन चालत पुढच्या गावाला जायचे, आता टेम्पो आहेत, बॅनरवर 'ट्रिकसीनयुक्त महान पौराणिक नाट्यप्रयोग' असं लिहिलेलं असतं, धूर निघतो, लाइटी फिरतात, राक्षसाचं मुंडकं उडतं. मला मजा येते, खोटं कशाला बोलू. २०२५ मध्ये 'दशावतार' पिक्चर आला, दिलीप प्रभावळकरांचा, तर मुंबईच्या लोकांना पण अचानक आमच्या जत्रांचा पुळका आला, गाड्या भरभरून आले. येऊ देत. फक्त येणारे सगळे राजाचेच फोटो काढतात, प्रधानाला "जरा बाजूला सरका" म्हणतात.

सध्या पिक्चरमध्ये इफ्तेखारच्या जागेला कोणी उरलेला नाही असं मला वाटतं, कारण ती जागाच गेली. आता हिरोच पोलीस. कमिशनर असला तर तो भ्रष्ट तरी असतो नाहीतर राजकारण्याचा फोन घेत असतो, आणि वेबसिरीजमध्ये तर पोलिसाला घरचेच प्रॉब्लेम एवढे की केस बाजूलाच. बायकोशी पटत नाही, पोरगी बोलत नाही, हा बाल्कनीत सिगरेट ओढतोय, पाऊस पडतोय. चांगली असतात हो, मी बघतो. पण मध्ये तात्यांना अशीच एक लावून दिली, चांगल्या रिव्ह्यूवाली. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय त्यांचं, टीव्हीला अगदी चिकटून बसतात. दोन एपिसोड गप्प राहून बघितलं. तिसऱ्यात तो इन्स्पेक्टर परत एकदा गाडी बाजूला घेऊन स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसला तेव्हा तात्या माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "रे, ह्येची ड्युटी कधी सुरू होतली?"